भांडणं लावायची नोकरी

मागच्या दिवाळीत आमच्या मंडळाचा अंक हातात आला तेव्हा मी शुभांगीला एवढंच म्हणाले, "अंक देखणा झालाय गं, पण सगळेजण अलास्कालाच कसे जाऊन येतात? निम्म्या अंकात बर्फ आहे." शुभांगी मूळची पुण्याची, इथे ॲन आर्बरमध्ये सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि कितीतरी वर्षं आमच्या मंडळाची अध्यक्ष आहे, कारण दुसरं कुणी व्हायला तयार नाही. ती गोड हसली. "बरोबर आहे मावशी. मग पुढच्या वर्षी तुम्हीच लिहा. तुमच्या जॉबवर." आमच्या मंडळात तक्रार करणाऱ्याची ही गत होते. त्या गतीबद्दल मला तसंही सांगायचंच होतं, कारण तिच्यामुळे जगाच्या दुसऱ्या टोकाला एक पूल उघडला आणि तो आजही उघडा आहे.

तर नोकरी. जन्मभर मी काय केलं हे माझ्या सख्ख्या बहिणीलाही धड सांगता येत नाही. "आमची सुधा अमेरिकेत पोलिसांना शिकवते," असं ती साताऱ्यात सांगते, आणि ऐकणारे माझा फोटो बघून विचारात पडतात. माझा मुलगा लहान असताना त्याला शाळेत बाईंनी विचारलं, तुझी आई काय करते. तो म्हणाला, "शी मेक्स पीपल फाइट." मला शाळेत बोलावणं आलं. पण खरं सांगते, आजवर कुणी केलेलं माझ्या कामाचं सगळ्यात अचूक वर्णन तेच आहे.

एखाद्या देशातलं युद्ध संपतं म्हणजे काय होतं? टीव्हीवर सह्या होतात, हस्तांदोलनं होतात आणि बातम्या दुसऱ्या देशाकडे वळतात. काम त्यानंतर सुरू होतं. कालपर्यंत एकमेकांवर गोळ्या झाडणाऱ्यांमधून एक पोलीस ठाणं उभं करायचं असतं. नगरपालिका उघडायची असते, जिच्या कचेरीवर छप्पर नसतं. आणि लोकांनी गाऱ्हाणं घेऊन अशा दारात यायचं असतं, ज्या दारातून त्यांचा भाऊ आत गेला तो बाहेर आलाच नाही. सुरक्षा आणि सुशासन हे शब्द कागदावर फार भारदस्त दिसतात. माझी व्याख्या घरगुती आहे. बाई सकाळी एकटी बाजारात गेली, भावावरून भांडली आणि दुपारी धडधाकट घरी आली, की तो देश सुरक्षित.

आमची संस्था अशा देशांतल्या पोलीस अधिकाऱ्यांना आणि नगराध्यक्षांना इथे आणून शिकवायची. बाकीचे विद्वान व्याख्यानं द्यायचे. माझ्याकडे सराव होता. व्याख्यानात सगळेच शहाणे असतात. माणूस कळतो तो धक्काबुक्कीत. गावाबाहेरच्या एका बंद पडलेल्या शाळेचं जिम आम्हाला मिळालं होतं. तिथे फरशीवर चिकटपट्ट्या लावून मी गावं वसवायची. पांढरी पट्टी रस्ता, निळी पट्टी नदी, टेबलं म्हणजे दुकानं. गावकरी म्हणून यायची ती त्याच देशातून परागंदा होऊन मिशिगनमध्ये वसलेली माणसं. ती बसमधून यायची, घरचे कपडे घालून, घरच्या शिव्या घेऊन. सराव सुरू झाला की मी हळूच एकेकाच्या कानाला लागायची. "तुमची शेळी चोरीला गेली आहे." "तुम्ही ऐकलंय की पोलीस तुमच्या मुलाला धरायला आलेत." मग बाजूला उभी राहून बघायची. आपल्याकडे याला काडी टाकणं म्हणतात. फरक एवढाच की मला काडी टाकल्याचा पगार मिळायचा, वर आरोग्यविमा. आणि आमच्या धंद्याचा एक कडक नियम होता: गावकऱ्यांनी भांडायचं, मिटवायचं नाही. मिटवणं हे शिकायला आलेल्या अधिकाऱ्यांचं काम.

एक पोलीसप्रमुख आले होते, मिशाळ, हसरे, दिलदार. कुठल्याही दुखण्यावर त्यांच्याकडे एकच औषध, अटक. शेळी चोरीला गेली, संशयिताला अटक. शेळीवाला मोठ्याने बोलला, त्यालाही अटक. सरावात न्यायाधीश झालेल्या गृहस्थांनी हरकत घेतली, ते शेळीवाल्याच्या शेजारी जाऊन बसले. जेवायच्या सुट्टीपर्यंत अख्खं गाव कोपऱ्यात दोरीच्या आत बसलं होतं. प्रमुखसाहेब हात झटकून मला म्हणाले, "शांतता झाली. आता?" मी म्हटलं, "आता जेवणाची वेळ. पाव कोण भाजणार?" ते त्या कोपऱ्याकडे गेले, स्वतःच्या हाताने दोरी उचलली आणि आधी पाववाल्याला सोडलं. हाच माणूस पुढे आपल्या जिल्ह्यात गाजला तो तुरुंग रिकामे ठेवण्यासाठी. मला दर नववर्षाला त्यांचा निरोप येतो, पाव भाजला जातोय म्हणून.

नगराध्यक्षांची एक तुकडी आली तेव्हा मी हौसेने गोल टेबल मागवलं होतं. गोल टेबलाला डोकं नाही, म्हणजे मानापमानही नाही, असा माझा हिशेब. सकाळी बघते तर सगळे उभे. गोल टेबलालाही त्यांनी मानाची जागा शोधली होती: पाठीला भिंत आणि तोंड दाराकडे. युद्धातून आलेला माणूस दाराकडे पाठ करून बसत नाही, हे मला कुठल्या पुस्तकाने सांगितलं नव्हतं. मी टेबल बाहेर काढलं आणि खुर्च्या भिंतीकडेने मांडल्या, लग्नाची बोलणी करायला बसतात तशा. सगळ्यांच्या पाठीला भिंत मिळाली आणि सगळे बसले. त्यांच्यात सगळ्यात तरुण होता तो फार हुशार, चार वाक्यांत भांडण मिटवायचा. त्याच्या देशात पुन्हा युद्ध पेटलं आणि त्याचे निरोप थांबले. त्याचा नंबर मी अजून फोनमधून काढलेला नाही. या कामात असे नंबर साठतात, आणि त्यांचं काय करायचं ते कुणी शिकवत नाही.

पण मला सांगायचंय ते नादियाबद्दल. नाव बदललंय आणि देशाचं नाव लिहीत नाही, कारण ती अजून त्याच खुर्चीवर आहे.

नादिया पोलीस कॅप्टन होती. तिचं गाव नदीच्या दोन्ही काठांवर पसरलेलं. युद्धात काठांनी एकेक बाजू घेतली, अलीकडचे एका पक्षाचे, पलीकडचे दुसऱ्या. मधल्या पुलावर वाळूची पोती पडली. बाजार राहिला अलीकडे आणि दवाखाना पलीकडे. म्हणजे उपाशी राहायचं पलीकडच्यांनी आणि आजारी पडून मरायचं अलीकडच्यांनी, अशी सोय झाली. आता तह झाला होता, आणि दोन्ही बाजूंचे शिपाई एकत्र घेऊन नादियाने तो पूल बाजाराच्या दिवशी उघडायचा होता. तिच्या वरिष्ठांनी तिला बजावलं होतं की पहिल्या बाजारात एक जरी डोकं फुटलं तरी पूल बंद होईल, आणि मग आपल्या हयातीत तो उघडायचं नाव कुणी काढणार नाही.

तिची आई पलीकडे होती. भावाकडे चार दिवस राहायला म्हणून गेली, पूल बंद झाला आणि ती तिकडेच अडकली. मायलेकी नदीच्या दोन काठांवर उभ्या राहून एकमेकींना हात करायच्या आणि मोबाइलवर बोलायच्या. "मॅडम, तुमची आई लांब होती," नादिया मला एकदा म्हणाली. "माझी आई समोर आहे. मला तिच्या शालीचा रंग दिसतो. हे जास्त वाईट आहे." मी आईच्या शेवटच्या दिवसांत विमानाच्या तिकिटासाठी धावले होते, ते तिला मीच सांगितलं होतं, पण वाद घातला नाही. तिचं खरं होतं.

सराव सुरू झाले. जिममधले लांब बाक दोन रांगांत लावून आम्ही पूल केला, खाली निळी पट्टी. नादियाने तिच्याबरोबर शिकायला आलेल्या शिपायांना अगदी पुस्तकाप्रमाणे उभं केलं. दोऱ्या, दोन रांगा, प्रत्येकाची झडती, प्रत्येकाशी नम्र भाषा. मी एका बाईच्या कानात अफवा सोडली, मागून रेटा आला, कुणीतरी ओरडलं, आणि गावकऱ्यांतले सगळ्यात ज्येष्ठ, डेट्रॉइटजवळ बेकरी चालवणारे एक आजोबा, ढकलले जाऊन खाली बसले. मी शिट्टी वाजवली. माणूस खाली पडला की पूल बंद, असं ठरलं होतं. दुसऱ्या दिवशी तिने सगळं जास्त काळजीने केलं आणि मला शिट्टी आणखी लवकर वाजवावी लागली.

"कुठे चुकलं असं वाटतं, कॅप्टन?" मी विचारलं.

"कुठेच नाही," ती म्हणाली. "मी काहीच चुकले नाही, तरी पूल बंद झाला. मग आता दुरुस्त काय करू?" तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तिचे शिपाई बघत होते म्हणून ती ते पुसत नव्हती.  इतकी वर्षं भांडणं लावली, पण हा प्रश्न मला आजवर कुणी घातला नव्हता.

आणि तिसऱ्या दिवशी आइस स्टॉर्म. मिशिगनमध्ये राहणाऱ्यांना सांगायला नको. झाडं काचेची, रस्ते काचेचे, हायवे बंद. गावकऱ्यांची बस डेट्रॉइटहून निघूच शकली नाही. नादिया आणि तिचे शिपाई शेजारच्याच हॉटेलात होते, ते चालत आले. पैसे देणाऱ्या संस्थेचा माणूस, ग्रेग नावाचा उंच, गंभीर गृहस्थ, खास बघायला म्हणून आला होता, तोही आला. गाव तेवढं नव्हतं. दोन दिवसांनी नादियाचं विमान होतं. मी फोन उचलला आणि मंडळातल्या जवळपास राहणाऱ्यांना लावत सुटले.

"येते," मालतीकाकू म्हणाल्या. काकू आमच्यातल्या सगळ्यात जुन्या, नवऱ्यामागे या गावात आल्या तेव्हा इथे हिरवी मिरची मिळत नव्हती. "पण सुधा, आज चतुर्थी आहे. मला चक्कर आली तर ती खरी समज, नाटक नव्हे."

"पूर्ण आइस झालाय मावशी, पण येतो ना यार," निखिल म्हणाला. हा नागपूरचा. "फोर-व्हील ड्राइव्ह घेतली कशाला मग? काका-काकूंना पिकअप करत येतो."

वसंतकाकाही आले. ते निवृत्त भूलतज्ज्ञ. जन्मभर त्यांनी माणसं झोपवली, पण स्वतः कधी गप्प बसले नाहीत. शुभांगी आली, तिच्यामागे आणखी दहाबारा जण आले, आणि एक मोठं पातेलं साबुदाण्याची खिचडी आली, कारण मराठी माणूस क्रांतीलासुद्धा डबा घेऊन जातो.

आता यांना दोन काठांवर कसं वाटायचं? मला फार विचार करावा लागला नाही. आमच्या मंडळात एक जुना वाद आहे: गणपती तिथीला बसवायचा की वीकेंडला. वसंतकाका कट्टर तिथीवाले. निखिल वीकेंडवाला, त्याच्या मते बाप्पाला कॅलेंडर कळतं. यावरून मंडळ फुटता फुटता राहिलं होतं. मी तिथीवाले अलीकडे उभे केले, वीकेंडवाले पलीकडे. मग कुणाच्या कानात काडी टाकायची गरजच उरली नाही.

नादियाने सराव सुरू केला. तिच्या एका महिला शिपायाने मालतीकाकूंना पिशवी टेबलावर रिकामी करायला सांगितली. काकूंनी खरोखरच मेथीच्या दोन जुड्या आणल्या होत्या.

"इथे?" काकू मराठीतच कडाडल्या. "चारचौघांत? बायकांच्या पिशव्या अशा उघड्यावर उपड्या करणार? काही आडोसा नको? आणि हे टेबल कुणी पुसलंय का?"

"लाइन चुकीची आहे," मागून वसंतकाका इंग्रजीत म्हणाले. "म्हातारी माणसं किती वेळ उभी राहणार? आधी सीनियर्स घ्या."

"काका, तुमची लाइन पुढे घेतली तर आमच्या साइडचे काय संध्याकाळपर्यंत थांबणार?" पलीकडून निखिल. "हे तर दरवेळचं झालं यार!"

"दरवेळचं म्हणजे? कुठल्या वेळचं?"

मी ओळखलं की आता पूल वगैरे कुणाच्या लक्षात नाही, आता गणपती चाललाय. दोन्ही बाजू बाकांवर चढल्या. आवाज वाढले. नादियाचे शिपाई एकमेकांकडे बघायला लागले आणि मी शिट्टी तोंडाजवळ नेली.

तेवढ्यात शुभांगी, जी रांगेत शाळामास्तरीण म्हणून उभी होती, आपली भूमिका साफ विसरली. सवयच ती. तिने टाळी वाजवली. "काकू, पॉइंट बरोबर आहे तुमचा. मग आडोसा आणि टेबल तुमच्याकडे. वसंतकाका, लाइन तुमच्याकडे. एकटे नाही, निखिल बरोबर असेल. निखिल, मान डोलावू नकोस, हो म्हण."

इथे आमच्या मंडळाचं थोडं सांगायला हवं. आम्हाला घटना आहे, पोटनियम आहेत, ते कुणी वाचलेले नाहीत. चालतो तो एकच अलिखित नियम: जो बोलेल त्याच्या गळ्यात. श्रीखंड आंबट होतं म्हणालात? पुढच्या पाडव्याचं श्रीखंड तुमच्याकडे, आणि जोडीला तो माणूस ज्याला ते गोड लागलं होतं. माइक नीट नव्हता? माइक तुमच्याकडे. याने तक्रारी कमी होत नाहीत, पण तक्रार करणाऱ्याचे हात गुंततात, आणि ज्याच्याशी वाद त्याच्याबरोबर टेबल उचलावं लागतं. आमचं मंडळ फुटलं नाही ते याच एका गोष्टीमुळे.

काकू पुटपुटत आपली शाल काढून व्हॉलीबॉलच्या खांबाला बांधायला लागल्या. "धर गं हे टोक," त्या महिला शिपायाला म्हणाल्या, आणि तिने ते धरलं. वसंतकाका आणि निखिल दोरी घेऊन रांगा आखायला लागले. भांडत होतेच, पण आता एकमेकांशी नाही, रांगेशी.

माझ्या धंद्याचा नियम मोडला होता. गावकऱ्यांनी मिटवायचं नाही! मी खेळ थांबवायला शिट्टी ओठांना लावली तर नादियाने पुढे येऊन तिच्यावर हात ठेवला.

"थांबा, मॅडम. यांना थांबवू नका."

"सुधा, इज धिस इन द स्क्रिप्ट?" ग्रेगने विचारलं.

"नो," मी म्हटलं. खोटं कशाला बोला?

मेथीच्या जुड्या आडोशाआड तपासल्या गेल्या. वसंतकाकांनी स्वतः आखलेली रांग स्वतःच मोडणाऱ्या तिथीवाल्यांना खडसावलं. माणसं या काठावरून त्या काठावर गेली, परत आली, आणि शिट्टी वाजली नाही. सराव संपल्यावर सगळे खिचडीच्या पातेल्याभोवती उभे राहिले. नादिया मात्र बाजूला एकटीच बसली होती, मांडीवर वाडगा घेऊन.

"हे तुमच्या लोकांचं झालं," ती मला म्हणाली. "तुमच्या लोकांना तक्रार करायची भीती वाटत नाही. त्यांचा तो छंद दिसतो." मी हसले, हे नाकारणं शक्य नव्हतं. ती हसली नाही. "आमच्याकडे गणवेशासमोर तक्रार केली की आधी नाव विचारायचे. नाव सांगितलेली माणसं घरी यायची नाहीत. माझ्या पुलावर कोण बोलेल?"  खिचडी तिने संपवली, पण काय खातेय हे तिला कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रस्ते उघडले आणि बस आली. तिच्याच देशाची माणसं, शेवटचा सराव. ग्रेग वही बंद करून बसला होता, हे मला चांगलं लक्षण वाटलं नाही. नादियाने या वेळी शिपायांना दोऱ्या बांधूच दिल्या नाहीत. दोऱ्यांचं वेटोळं हातात घेऊन ती पुलाच्या तोंडाशी उभी राहिली. बेकरीवाले आजोबा सगळ्यात पुढे होते. त्यांना मी काहीच सांगितलं नव्हतं. ते आपले मान खाली घालून, हात वर करून झडतीला उभे राहिले, गणवेशासमोर उभं राहायची त्यांची जुनी पद्धत होती तसे.

नादियाने त्यांचे हात स्वतःच्या हातांनी खाली केले. "आजोबा, नाव सांगू नका," ती त्यांच्या भाषेत म्हणाली. दुभाष्या माझ्या कानाशी सांगत होता. "मला फक्त एवढं सांगा. रांग कुठून धरू?"

ते बोलेनात.  तिने वाट बघितली. मग त्यांनी मान वर न करता एक बोट उचललं आणि डावीकडे दाखवलं.

"का?"

"तिकडे बसायला जागा आहे," ते अगदी हळू म्हणाले. "बायका थकतात."

"बरोबर," ती म्हणाली, आणि दोरीचं वेटोळं त्यांच्या हातात दिलं. "मग रांग तुमच्याकडे. पलीकडचा एक माणूस देते जोडीला."

आजोबांनी दोरी बांधली. मग एक बाई म्हणाली की दोरी फार उंच आहे, मुलं खालून पळतील, तर तिला पोरांकडे बघायचं काम मिळालं. मग तिसरा बोलला, चौथा बोलला. मी वेड्यासारखी कानाकानात अफवा सोडत होते, जेवढ्या माहीत होत्या तेवढ्या सगळ्या, आणि एकही पेटत नव्हती, कारण प्रत्येकाला आपापलं काम बघायचं होतं. मी आयुष्यात कधी इतक्या आनंदाने हरले नाही. वेळ संपली तेव्हा पूल उघडा होता. बेकरीवाले आजोबा बाकावर बसून हमसून हमसून रडत होते. "या वयात," ते म्हणाले, "या वयात गणवेशवाल्याने मला पहिल्यांदा विचारलं, कुठून धरू."

ग्रेगने टाळ्या वाजवायला सुरुवात केली आणि मग थांबायचं कधी हेच कुणाला कळेना.

नादिया परत गेली. त्यानंतर थोड्या दिवसांनी मी निवृत्त झाले. पुढे आमची संस्थाही बंद पडली. अशा कामाला पैसे देणाऱ्यांचं लक्ष टीव्हीसारखंच दुसरीकडे वळतं. त्या जिममध्ये आता लोक पिकलबॉल खेळतात. मी एकदा जाऊन आले. फरशीवर निळ्या पट्टीचा एक तुकडा अजून चिकटलेला आहे आणि त्यावरून उड्या मारणाऱ्यांना आपण नदी ओलांडतोय याची कल्पना नाही. चालायचंच.

पूल उघडायचा होता त्या दिवशी मात्र मंडळातले आम्ही सगळे सकाळीच माझ्या किचनमध्ये जमलो होतो. तिकडे बाजार उठायची वेळ म्हणजे आमची चहाची. चहा दोनदा झाला. फोन टेबलावर मधोमध उभा करून ठेवला होता आणि त्याच्याकडे बघत नाही असं सगळे दाखवत होते. वसंतकाकासुद्धा गप्प होते. मला त्या बेपत्ता नगराध्यक्षाचा नंबर आठवत होता आणि मी तो मनातून हाकलत होते.

फोन वाजला. नादियाचा चेहरा आला, उन्हाने रापलेला, टोपी नाही, केस विस्कटलेले. तिच्या मागे माणसं, टोपल्या, एक गाढव.

"उघडा आहे," ती म्हणाली.

निखिल खुर्चीवरून उठून ओरडला. शुभांगीने मला मिठी मारली.   मालतीकाकूंनी फोन आपल्याकडे ओढला. "आधी कोण बोललं ते विचार," त्या मला म्हणाल्या. "तक्रार पहिल्यांदा कुणी केली?" मी विचारलं.

नादिया हसायला लागली. मी तिला हसताना तेव्हा पहिल्यांदा बघितलं. "पलीकडून आलेल्या पहिल्या बायकांमध्ये माझी आई होती. मला वाटलं, ती धावत येऊन मला जवळ घेईल. तिने आधी झडतीच्या टेबलाकडे बघितलं आणि सगळ्यांदेखत म्हणाली, 'बायकांना अशी भर उन्हात उभी करतेस? लाज नाही वाटत? आडोसा कुठाय?'"

"मग?"

"मग काय, मॅडम? नियम तो नियम. मी म्हटलं, आई, आडोसा तुझ्याकडे. अलीकडची एक बाई देते जोडीला. तिने मला तिथल्या तिथे शिवी दिली आणि बाह्या वर केल्या. ती बोलली म्हणून मग सगळे बोलले. दिवसभर मला गळ्यात मारायला कामं पुरेनात."

"आणि जवळ घेतलं की नाही तिने तुला?" काकूंनी विचारलं. मी भाषांतर केलं.

नादियाने क्षणभर मागे वळून बघितलं. "आडोसा बांधून झाल्यावर," ती म्हणाली. "त्याच्या आत."

 वसंतकाकांनी चष्मा पुसायला घेतला. काकू डोळे टिपत फोनच्या अगदी जवळ गेल्या आणि मागचं ते फडफडणारं कापड निरखून म्हणाल्या, "सुधा, हे नायलॉन दिसतंय गं. आत बायका उकडून निघतील. जरा जाड, सुती काहीतरी नको का?"

मी भाषांतर केलं. नादियाचा चेहरा एकदम कॅप्टनचा झाला. "ही तक्रार आहे का?"

"नाही, नाही!" काकू घाईघाईने म्हणाल्या. "सहज विचारलं."

पण उशीर झाला होता. त्याच आठवड्यात निखिलने काकूंना पोस्टात नेलं आणि त्या एक जड पार्सल देऊन आल्या. आत सोलापुरी चादर होती. दर बाजाराला ती पुलावर बांधतात, आणि बांधते नादियाची आई.